आवरता येणारा खोकला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात खोकल्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदत होत्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. पहिली क्षयाच्या सॅनेटोरियममधली. हेरमान ब्रेमर यांनी सायलेशियातल्या ग्योर्बर्सडॉर्फ या डोंगरी गावात १८५०च्या दशकात क्षयरोग्यांना निवासी ठेवून उपचार सुरू केले. त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आलेले आणि मग त्यांचेच सहायक झालेले पेटर डेटवायलर १८७६ साली फ्रांकफुर्टजवळच्या फाल्केनस्टाइनला गेले. व्हरांड्यातल्या आरामखुर्च्यांवर तासन्‌तास पडून राहण्याची ती प्रसिद्ध शिस्त त्यांनी तिथे बसवली. खोकलाही या शिस्तीतून सुटला नव्हता. कफ सुटत असेल तर तो खोकून थुंकीच्या बाटलीत टाकायचा. पण घशात नुसती खवखव आहे, कोरडी ढास लागली आहे म्हणून खोकत सुटायचं नाही, दम धरून उबळ जिरवायची, हे रुग्णांना शिकवलं जाई. भरलेल्या जेवणघरात खोकण्याचा आवाज किती कमी येतो, याचं बाहेरून आलेल्यांना नवल वाटे. दुसरी तऱ्हा व्हिएन्नातली. योझेफ ब्रॉयर यांनी १८८० साली तपासलेल्या आणि ‘ॲना ओ.’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या तरुणीला कोरड्या खोकल्याची उबळ येई. आजारी वडिलांच्या उशाशी बसली असताना शेजारच्या घरातून नाचाचं संगीत ऐकू आलं, तिथे जावंसं वाटलं, त्या इच्छेची लाज वाटली आणि तेव्हापासून खोकला सुरू झाला, असा उलगडा ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५च्या पुस्तकात आहे. १९०० साली फ्रॉइड यांच्याकडे आलेल्या ‘डोरा’चीही हीच कथा: खोकला, बसलेला आवाज, आणि त्यामागे मनात दडलेलं काहीतरी. अकरा आठवड्यांनी तिने उपचार सोडून दिले.

या दोन तऱ्हांमधल्या दरीत पुढची शंभर वर्षं गेली, असं माझं म्हणणं आहे. सॅनेटोरियममधल्या माणसाचा खोकला खरा आहे याबद्दल कोणालाच शंका नव्हती, कारण त्याच्या छातीत क्षय होता. तरीही तो खोकला बऱ्याच अंशी आवरता येतो, हे रोज दिसत होतं. व्हिएन्नात छातीत काही सापडेना, म्हणून खोकला मनाचा ठरला. आणि एकदा तो मनाचा ठरला, की रुग्णाने ठरवलं तर तो थांबेल, थांबत नाही म्हणजे रुग्णालाच तो हवा आहे, इथपर्यंत विचार पोहोचायला वेळ लागत नाही. वैद्यकात हळूहळू एक अलिखित समीकरण रुजलं: जो खोकला खरा आहे तो आवरत नाही, आणि जो आवरतो तो खरा नाही. प्रौढांच्या हटवादी खोकल्यावर आज स्पीच थेरपिस्ट जे शिकवतात त्याला ना यंत्र लागतं ना औषध. त्यातलं बरंचसं १८९० सालीही शिकवता आलं असतं. ते शास्त्रशुद्ध चाचणीला उतरायला २००६ साल उजाडावं लागलं. तंत्राची वाण नव्हती. अडसर त्या समीकरणाचा होता.

सॅनेटोरियमची शिकवण विसरली गेली याला मात्र चांगलंच कारण होतं. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, आणि १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनपासून त्याला मारणारी औषधं येऊ लागली. सॅनेटोरियमची शेवटची बाजू लढवणाऱ्यांना उत्तर मिळालं ते भारतात. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या चाचणीने १९५९ साली दाखवून दिलं, की गरीब वस्तीतल्या घरात राहून औषधं घेणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात. त्यानंतर जगभरचे हे डोंगरावरचे व्हरांडे रिकामे होत गेले. पाचगणी आणि मिरज या नावांना मराठी कानांत जो क्षयाचा संदर्भ चिकटलेला होता तोही पुसट झाला. जंतू मेला की खोकला थांबतो. मग खोकायचं कसं नाही हे शिकवण्यात कोण वेळ घालवणार? विसरणं रास्त होतं. फक्त त्या विसरण्यात एक निरीक्षणही वाहून गेलं: खरा, शरीरातून उठणारा, आजारातून आलेला खोकलाही शिकवून कमी करता येतो.

पुढचा टप्पा खोकल्याच्या कारणांचा आहे, आणि त्याचं श्रेय बहुतांशी अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सचे रिचर्ड अर्विन यांना जातं. खोकल्याचा उगम शोधायचा तर ज्या ज्या ठिकाणी खोकल्याच्या मज्जातंतूंची टोकं आहेत ती सगळी ठिकाणं क्रमाने तपासा, हा त्यांचा १९७७ सालापासूनचा आग्रह. त्यातून तीन मोठे गुन्हेगार हाती लागले: नाकामागून घशात उतरणारा स्राव, दमा आणि जठरातून वर येणारं आम्ल. १९९० साली अर्विन आणि सहकाऱ्यांनी १०२ रुग्णांचा हिशेब मांडला. ९९ टक्क्यांमध्ये कारण सापडलं होतं आणि नेमक्या उपचारांनी ९८ टक्के बरे झाले होते. ‘खोकला आहे ना, मग घ्या हे सिरप’ या सवयीला यापेक्षा मोठा धक्का कोणी दिला नाही, आणि आजही कोणत्याही नीट दवाखान्यात सुरुवात याच वाटेने होते. पण जिथे ९८ टक्के बरे होतात तिथे उरलेल्यांची पंचाईत होते. सगळं तपासलं, सगळे उपचार झाले, तरी जो खोकतो आहे त्याचं काय? २००५ साली लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जुनाट खोकल्याच्या १०० रुग्णांची पाहणी छापली. त्यात ४२ जणांच्या खोकल्याचं कारण सापडलं नव्हतं. मॅसेच्युसेट्समधला १ टक्का आणि लंडनमधले ४२, यात रुग्णांच्या निवडीचा फरक आहे हे उघड आहे. मोठ्या शहरातल्या नामांकित रुग्णालयात दहा ठिकाणी फिरून थकलेलेच येतात. तरीही ४२ म्हणजे अपवाद म्हणून बाजूला सारण्याजोगा आकडा नव्हे. आणि ही माणसं कोण होती? ॲलिन मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली निरनिराळ्या देशांतल्या खोकल्याच्या दवाखान्यांतून १०,०३२ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यात दोनतृतीयांश स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक रुग्ण साठीतले. साठीतली बाई, तपासण्या सगळ्या निर्दोष, खोकला थांबत नाही: व्हिएन्नातलं जुनं उत्तर इथे आयतंच तयार होतं. कागदावर ‘सायकोजेनिक’, म्हणजे मनातून उपजलेला, असं लिहिलं, की डॉक्टरची सुटका होई.

ज्यांच्याकडे वेगळं उत्तर होतं ते लोक फुफ्फुसाच्या वैद्यकात नव्हतेच. ते घशाचे कारागीर होते. इथे इतिहास थोडा मागे न्यावा लागतो. जिवंत माणसाचं बोलतं स्वरयंत्र आरशात पाहण्याचं तंत्र १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ज्यांनी मांडलं ते मानुएल गार्सिया डॉक्टर नव्हते, गाणं शिकवत होते. दंतवैद्याचा छोटा आरसा, हातातला दुसरा आरसा आणि सूर्यप्रकाश एवढ्या सामग्रीवर त्यांनी स्वतःचे स्वरतंतू उघडताना आणि मिटताना पाहिले. डॉक्टरांनी ते उपकरण उचललं त्यानंतर. विसाव्या शतकात राजा सहावा जॉर्ज यांचं तोतरेपण सांभाळणारे ऑस्ट्रेलियन लायोनेल लोग हेही वक्तृत्वशिक्षक होते. वैद्यकीय पदवी त्यांच्यापाशी नव्हती, आणि पहिल्या महायुद्धातून वाचा बिघडून परतलेल्या सैनिकांवर त्यांचा हात बसला होता. अमेरिकेत १९२५ साली आणि ब्रिटनमध्ये १९४५ साली या मंडळींच्या व्यावसायिक संस्था उभ्या राहिल्या, पण कामाचा पिंड तोच राहिला: शरीराचा जो भाग अर्धा आपोआप आणि अर्धा इच्छेने चालतो त्याला नवी सवय लावायची. स्वरयंत्र हा असाच भाग आहे. श्वास घेताना तो उघडतो, गिळताना मिटतो, बोलताना थरथरतो. यातलं काही आपण करतो, काही आपसूक होतं. आणि खोकला? खोकल्यात आधी श्वास आत ओढला जातो, मग स्वरतंतू घट्ट मिटतात, त्यांच्याखाली छाती-पोटाच्या स्नायूंचा दाब साठतो आणि झटक्यात ते उघडून हवा बाहेर फुटते. म्हणजे फुफ्फुसाच्या डॉक्टरला जो खालून वर येणारा खोकला वाटतो तो स्पीच थेरपिस्टला स्वरतंतूंचं दणक्यात मिटणं म्हणून दिसतो. गायकांना, शिक्षकांना, कीर्तनकारांना घसा खाकरण्याच्या सवयीपासून सोडवणं हे तिचं रोजचंच काम. तिने खोकल्याकडे हात वळवला यात तिच्या बाजूने पाहता फार मोठी उडी नव्हती. उडी होती ती रुग्ण तिच्याकडे पाठवण्यात.

ती उडी पहिल्यांदा डेन्व्हरमध्ये घेतली गेली, आणि तीही खोकल्यासाठी नव्हे. १९७० आणि ८०च्या दशकांत दम्याच्या डॉक्टरांना असे रुग्ण भेटू लागले ज्यांना दम्याचा झटका आल्यासारखी घरघर होई, भारी औषधं दिली जात, पण छातीत दमा सापडत नसे. श्वास आत घेताना त्यांचे स्वरतंतू उघडण्याऐवजी मिटत होते. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात या तक्रारीला चक्क मुन्चहाउसेनचं, म्हणजे थापांसाठी गाजलेल्या जर्मन सरदाराचं नाव देण्यात आलं होतं. अवघ्या नऊ वर्षांनी, १९८३ साली, डेन्व्हरच्या नॅशनल ज्यूइश रुग्णालयातल्या चमूने अशाच ५ रुग्णांचं वर्णन ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलं. त्यांनी दुर्बिणीतून स्वरतंतूंचं चुकीचं मिटणं पाहिलं, थापेबाजीचा आरोप बाजूला ठेवला आणि रुग्णांना स्पीच थेरपी आणि मानसोपचार दिले, ते सुधारले. डेन्व्हरमधल्याच स्पीच पॅथॉलॉजिस्ट फ्लॉरेन्स ब्लेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली आवाजाच्या उपचारातली तंत्रं सवयीच्या खोकल्यासाठी वळवून घेतल्याचा छोटा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. गंमत अशी, की हे रुग्णालय १८९९ साली उघडलं होतं ते क्षयरोग्यांसाठीच. सॅनेटोरियमची शिस्त तिथल्या भिंतींतून झिरपत स्पीच थेरपीपर्यंत आली, असा दावा मी करणार नाही. तो फारच सोयीचा होईल. ब्लेगर यांचं तंत्र गायनशिक्षकांच्या घराण्यातलं आहे, क्षयाच्या डॉक्टरांच्या नव्हे.

पण ५ रुग्णांचं वर्णन किंवा एक प्राथमिक अभ्यास म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आला ऑस्ट्रेलियातून. सिडनीच्या उत्तरेला न्यूकॅसल हे जुनं कोळशाचं बंदर आहे. तिथल्या जॉन हंटर रुग्णालयातल्या स्पीच पॅथॉलॉजिस्ट ॲन व्हर्टिगन यांनी श्वसनविकारतज्ज्ञ पीटर गिब्सन, डेबोरा थिओडोरस आणि ॲलिसन विंकवर्थ यांच्यासोबत २००६ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात एक चाचणी छापली. वैद्यकीय उपचार करूनही खोकला न थांबलेल्या ८७ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. एका गटाला खोकल्यासाठी खास बेतलेली स्पीच थेरपी, दुसऱ्याला तेवढ्याच आस्थेने निरोगी जीवनशैलीचं मार्गदर्शन. पहिल्या गटात ८८ टक्के रुग्णांना समाधानकारक फरक पडला, दुसऱ्यात १४ टक्के. शिकवलं काय? चार गोष्टी, आणि त्यातली पहिली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रुग्णाला आधी समजावून सांगायचं, की तुमच्या या खोकल्याला काही बाहेर टाकायचं नाही. तो घसा साफ करत नाही, उलट स्वरतंतू आपटून घसा आणखी चिडवतो, आणि चिडलेला घसा पुन्हा खोकला मागतो. दुसरी, उबळ येण्याआधीची खूण ओळखायची: ती बारीकशी गुदगुली, तो घशातला खाजरा ठिपका. ती जाणवली की त्याच क्षणी आवंढा गिळायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, किंवा नाकाने सावकाश श्वास घेऊन ओठ किंचित मुडपून, घसा सैल ठेवून तो सोडायचा. मिटू पाहणाऱ्या स्वरतंतूंना तेवढ्यात दुसरं काम द्यायचं, असा हा डाव. तिसरी, घसा ओला आणि शांत ठेवायचा: पाणी पुरेसं, दारू आणि धूर वर्ज्य, तोंडाने श्वास घेण्याची सवय मोडायची. चौथी गोष्ट मनाच्या तयारीची. सुधारणा आपल्याच हातून होणार आहे, औषधातून नाही, हे रुग्णाने पत्करायला हवं. हे सगळं चारच बैठकांत. दहा-दहा वर्षं खोकलेल्या माणसाला चार बैठकांत फरक पडतो हे ऐकून कोणालाही संशय यावा, आणि तो यायलाच हवा.

संशयाचं पहिलं रूप असं: खोकल्याइतका भुलणारा दुसरा विकार नाही. कार्डिफचे रॉन एकल्स यांनी सर्दीच्या खोकल्यावरच्या औषधांच्या चाचण्या तपासून दाखवलं होतं, की औषधाचा म्हणून जो गुण दिसतो त्यातला मोठा वाटा साखरेच्या पाण्यालाही मिळतो. मग स्पीच थेरपीचा गुण म्हणजे एका समजूतदार बाईने आपलं म्हणणं ऐकून घेतल्याचाच गुण कशावरून नसेल? आक्षेप वजनदार आहे, कारण इथे गोळीसारखी खोटी थेरपी देऊन रुग्णाला अंधारात ठेवता येत नाही, आणि २००६च्या चाचणीत मोजमाप मुख्यतः रुग्णाच्या त्रासाचं होतं. त्याला उत्तर दोन पायऱ्यांनी मिळालं. २०१० साली न्यूकॅसलच्याच चमूने १७ रुग्णांना थेरपीच्या आधी, मधे आणि नंतर कॅप्सायसिन हुंगवून पाहिलं. मिरचीचा तिखटपणा ज्यात असतो ते हे द्रव्य. ते किती थोडं पुरतं यावरून घशाची चिडकेपणाची पातळी कळते. थेरपीनंतर खोकला यायला आधीपेक्षा जास्त मात्रा लागू लागली. तुलनेचा गट नसल्याने एकट्या या अभ्यासावर विसंबता आलं नसतं. २०१७ साली ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांच्या चाचणीत ७५ रुग्णांवर आठवड्याला एक अशा चार बैठकांचा प्रयोग झाला, आणि या वेळी खोकला मोजला तो अंगावर लावलेल्या ध्वनिमुद्रकाने, रुग्णाच्या सांगण्यावरून नव्हे. तुलनेच्या गटापेक्षा खोकल्याची संख्या ४१ टक्क्यांनी खाली आली. ८८ विरुद्ध १४ या आकड्यांपुढे ४१ टक्के फिके वाटतात, आणि माझ्या मते तेच विश्वासार्ह आहेत. यंत्राने मोजलेला गुण रुग्णाने सांगितलेल्या गुणापेक्षा थोडका भरतो, हे नेहमीचंच. दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या तर निष्कर्ष इतकाच निघतो, की ही थेरपी सर्वांचा खोकला मिटवत नाही, पण पुष्कळांचा निम्म्याच्या आसपास कमी करते. बाकी काहीही चाललं नसताना हे थोडं नाही.

दुसरा आक्षेप या लेखाच्या गाभ्यालाच हात घालतो. आवंढा गिळून जर खोकला थांबतो, तर तो आधी खोटाच नव्हता का? इथे अंगाची खाज आठवावी. नायटा झालेल्या माणसाची खाज शंभर टक्के खरी असते, तरी हात आवरता येतो, आणि हात आवरला तर कातडी बरी व्हायला अवसर मिळतो. खाजवणं थांबवता आलं म्हणून नायटा खोटा ठरत नाही. खोकल्यात गुदगुली ही खाज आणि खोकणं हे खाजवणं, हा भेद शरीरशास्त्राने गेल्या तीन दशकांत नीट उकलून दाखवला आहे. १९९३ साली एकल्स यांच्याच प्रयोगशाळेत निरोगी माणसांना कॅप्सायसिन दिलं आणि खोकू नका म्हणून सांगितलं. त्यांना तो खोकला मोठ्या प्रमाणात दाबता आला. कॅप्सायसिन नसांवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं त्याचं जनुक डेव्हिड ज्यूलियस यांच्या चमूने १९९७ साली शोधलं, आणि त्या कामासाठी त्यांना २०२१चं नोबेल मिळालं. ऑस्ट्रेलियातच स्टुअर्ट मॅझोन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं, की खोकण्याची ऊर्मी, प्रत्यक्ष खोकणं आणि खोकला दाबणं यांत मेंदूचे वरचे भाग गुंतलेले असतात. सगळा कारभार मेंदूच्या तळाशी आपोआप चालत नाही. त्यामुळे २०१४ साली युरोपीय श्वसनतज्ज्ञांनी या रुग्णांसाठी अतिसंवेदनशील खोकला ही चौकट मांडली: नसा हळव्या झालेल्या असतात, म्हणून अत्तराचा वास, थंड वाऱ्याची झुळूक, फोनवरचं लांबलेलं बोलणंसुद्धा उबळ आणायला पुरतं. साठीतल्या त्या बाईला याचा पहिला लाभ झाला. २०१५ साली अमेरिकन छातीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने ‘सायकोजेनिक’ आणि ‘सवयीचा’ हे दोन्ही शिक्के काढून टाकावेत असं सुचवलं, आणि त्या लेखाच्या पहिल्या लेखिका होत्या स्पीच पॅथॉलॉजिस्ट ॲन व्हर्टिगन.

तिसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाच्या मनात आधी येईल: नैसर्गिक वेग दाबू नये, हे आयुर्वेद सांगतो. सांगतो हे खरं, पण ग्रंथ उघडले तर चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. चरकसंहितेतल्या तेरा अधारणीय वेगांत शिंक आहे, ढेकर आहे, जांभई आहे, खोकला नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातल्या यादीत मात्र तो आहे आणि ढेकर गळली आहे. दोघांपैकी कोणाला बरोबर ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण खोकल्याला वेगांच्या रांगेत बसवायचं की नाही यावर परंपरेतच एकमत नव्हतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आधुनिक बाजूने पाहिलं तर हा आक्षेप बव्हंशी बरोबरच आहे. कफ असलेला खोकला दाबू नये. न्यूमोनियात, गिळताना ठसका लागणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णात खोकला हा पहारेकरी आहे, त्याला झोपवणं घातक. आणि भारतात दोन आठवडे टिकलेल्या खोकल्याला पहिला प्रश्न क्षयाचाच विचारायचा, हा सरकारी कार्यक्रमाचा नियम अगदी योग्य आहे. थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे, रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिलच्या गटातली गोळी चालू आहे का याची चौकशी, दमा आणि आम्लपित्ताचा शोध, एवढं झाल्याशिवाय स्पीच थेरपीचा विचारही करू नये. ही थेरपी आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या, सगळी झडती होऊन उरलेल्या खोकल्यासाठी आहे. अर्विन यांची वाट जिथे संपते तिथून व्हर्टिगन यांची सुरू होते. ती आडवाट म्हणून वापरली तर माणसं मरतील.

राहता राहिला औषधांचा प्रश्न, आणि तो लवकर आटोपता येतो. खोकल्याचं औषध म्हणून बायर कंपनीने १८९८ साली हेरॉइन बाजारात आणलं आणि १९१३ साली त्याचं उत्पादन बंद केलं, यावरून या शोधाची उमेद आणि निष्काळजीपणा दोन्ही कळतात. कोडीनवर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला गेला, पण सर्दीच्या खोकल्यात ते साखरेच्या पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही. जुनाट खोकल्यात मॉर्फिनची अल्प मात्रा (२००७) आणि मुळात फिटसाठी वापरलं जाणारं गॅबापेंटिन (२०१२) यांना चाचण्यांत यश आलं, सोबत बद्धकोष्ठ, गुंगी आणि चक्करही आली. या विकारासाठी मंजुरीपर्यंत पोहोचलेलं पहिलं औषध म्हणजे गेफापिक्संट. २०२२ साली छापलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याने खोकला प्लासिबोपेक्षा सुमारे १८ आणि १५ टक्क्यांनी घटवला, आणि पूर्ण मात्रा घेणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांची चव बिघडवली. जपानने ते मंजूर केलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ आणि २०२३ अशी दोनदा मंजुरी नाकारली. निरनिराळ्या चाचण्यांतले आकडे शेजारी ठेवून स्पर्धा लावणं बरोबर नाही, हे मान्य. तरीही खोकला थांबवायला खरं औषध हवं, थेरपी म्हणजे मनधरणी, असं म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा पाहावेत. शिवाय दोन्ही एकत्र चालतात: २०१६ साली न्यूकॅसलमध्ये ४० रुग्णांना स्पीच थेरपी देऊन त्यातल्या निम्म्यांना जोडीला प्रेगाबालिन दिलं, तेव्हा जोडउपचारात रुग्णाचं दैनंदिन जगणं अधिक सुधारलं.

२०१६ सालापासून अमेरिकन आणि २०२० सालापासून युरोपीय मार्गदर्शिकेत या थेरपीला जागा मिळाली आहे. महाराष्ट्रात तिच्यासमोरची अडचण वेगळी आहे. भारतात स्पीच थेरपीचा जन्म अपंगांच्या पुनर्वसनातून झाला. म्हैसूरची संस्था १९६५ साली, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ साली, आणि व्यावसायिकांची नोंदणी १९९२च्या पुनर्वसन परिषदेच्या कायद्याखाली. कामाचा रोख ऐकू न येणारी मुलं, तोतरेपण, पक्षाघातानंतरची वाचा. त्या कामाची निकड इतकी आहे, की खोकणाऱ्या प्रौढाला त्या रांगेत उभं करणं अन्यायाचं वाटावं. छातीच्या डॉक्टरच्या मनातही हा पत्ता सहसा येत नाही. पण २०१७च्या ब्रिटिश चाचणीत एक बाब होती जी इथे उपयोगी पडावी: तिथे हे काम स्पीच थेरपिस्टांबरोबर फिजिओथेरपिस्टांनीही केलं, आणि गुण आला. फिजिओथेरपीची महाविद्यालयं महाराष्ट्रात स्पीच थेरपीच्या तुलनेत कितीतरी जास्त आहेत, आणि श्वासाचे व्यायाम शिकवणं फिजिओथेरपिस्टांना नवं नाही. घशाच्या बाजूचं जे उरतं, म्हणजे खूण ओळखणं, आवंढा आणि सैल घशाने श्वास सोडणं, तेवढं त्यांना शिकवायला वांद्र्याच्या किंवा म्हैसूरच्या तज्ज्ञांना काही दिवसांचं प्रशिक्षण पुरेल.